आईस फिशिंगला कुठलं लेक? मिनेसोटातल्या तीन मोठ्या लेक्सचा रिव्ह्यू, आणि थोडं छोट्यांबद्दल

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच बुकिंगला जातील. मिनिआपोलिसच्या आसपास राहताय, बरोबर बायको-मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा आहेत आणि दोन-तीन दिवस मोकळे आहेत, तर लेक ऑफ द वूड्स. एकच दिवस आहे, तर मिल लॅक्स. डिसेंबर लागल्या लागल्या हात शिवशिवतायत, जानेवारीपर्यंत थांबवत नाहीये, तर अप्पर रेड, पण त्याच्याबद्दल खाली जे लिहिलंय ते आधी वाचा आणि मगच गाडी काढा. आणि नुसतं मुलांना एकदा दाखवायचंय की बर्फाला भोक पाडून मासा कसा काढतात, तर चार-पाच तास गाडी हाणायची काहीच गरज नाही, घराजवळचं छोटं लेक पुरतं.

लोक नेहमी विचारतात की मासे कुठे जास्त आहेत. खरं सांगू का, हा प्रश्न जरा उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा आहे, कारण या तिन्ही लेक्समध्ये तुम्हाला पकडता येतील त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त मासे आहेत. विचारायचं ते हे की तुम्हाला बर्फावर नेणार कोण, आणि तिथला बर्फ रोज सकाळी कोण तपासतंय. सरकार हे काम करत नाही. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं, म्हणजे सगळे ज्याला डीएनआर म्हणतात ते, किंवा तिथला शेरीफ, यांच्यापैकी कोणीही लेकवर जाऊन 'हा बर्फ सेफ आहे' असा शिक्का मारत नाही. मोठ्या लेक्सवर हे काम प्रायव्हेट रिसॉर्टवाले करतात. ते बर्फावरून रस्ता काढतात, त्याच्यावरचा बर्फ नांगरतात, कडेला खुणा लावतात, भेग पडली की त्याच्यावर पूल टाकतात, आणि त्या रस्त्यावरून जायचे पैसे घेतात. म्हणून माझ्या मते लेक निवडणं म्हणजे अर्धंअधिक रिसॉर्ट निवडणंच आहे.

आता लेक ऑफ द वूड्स. मिनेसोटाच्या पार डोक्यावर, थोडं अमेरिकेत, बरंचसं कॅनडात, 14,000 हून जास्त बेटं, पण आपण जो दक्षिणेकडचा भाग वापरतो तिथे बेटंबिटं फारशी नाहीत, नुसतं पांढरं सपाट मैदान, क्षितिजापर्यंत. मिनिआपोलिसहून बॉडेट गावाला पोचायला साधारण पाच तास लागतात, हिवाळ्यात जास्तच धरा. गावात शिरताना वॉलाय माशाचा 40 फुटी पुतळा आहे, मुलं तिथे फोटो काढल्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत. या लेकची खरी मजा म्हणजे इथली सगळी व्यवस्था नवख्या माणसासाठीच केल्यासारखी आहे. तुमच्याकडे ऑगर (बर्फाला भोक पाडायचं यंत्र) नाही, फ्लॅशर (खाली मासा आहे का ते दाखवणारं यंत्र) नाही, तंबू नाही, बर्फावर स्वतःची गाडी घालायची हिंमत नाही, तरी काही अडत नाही. रिसॉर्टवाले सकाळी तुम्हाला ट्रॅकवाल्या गाडीत बसवतात (जुन्या बॉम्बार्डियर गाड्या अजून चालतात, आत बसलं की कान बंद होतात पण मुलांना जाम आवडतं), लेकवर कित्येक मैल आत नेतात, तिथे हीटर लावून गरम केलेलं फिश हाउस तयार असतं, भोकं पाडलेली असतात, तुम्ही फक्त गळ टाकायचा.

माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा आत बसून पाचच मिनिटं झाली असतील, खालून जो धडाम आवाज आला, ते एकदम उठून उभे, "अहो जावईबापू, हे फुटतंय की काय?" तर नाही फुटत. थंडी वाढली-कमी झाली की बर्फ आकसतो-पसरतो, त्याच्यात ताण येतो आणि तो असा आवाज करतो, कधी गडगडल्यासारखा तर कधी लांबलचक शिट्टीसारखा. नुसता आवाज आला म्हणजे धोका असं नाही. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दिवसभर दाराकडे बघत बसतात.

या भागात पाणी तीसेक फूट खोल, थोडं गढूळ तांबूस, त्यामुळे सोनेरी, गुलाबी किंवा अंधारात चमकणारे जिग (वजनदार डोक्याचे खोटे आमिष लावलेले गळ) जास्त चालतात. एका गळाला जिग लावून तो हलवत राहायचा, दुसऱ्या गळाला जिवंत मिनो (छोटासा मासा) लावून तो तसाच सोडून द्यायचा. हिवाळ्यात मिनेसोटात माणशी दोन गळ चालतात, उन्हाळ्यात एकच. वॉलाय आणि त्याचा धाकटा चुलतभाऊ सॉगर, दोन्ही मिळतात, आणि बऱ्याचदा सॉगरच जास्त. लिमिट दोन्ही मिळून सहा, त्यात वॉलाय जास्तीत जास्त चार, आणि साडेएकोणीस ते 28 इंचांमधला वॉलाय परत सोडायचा. नियम बदलत असतात, जायच्या आधी त्या वर्षीचे नियम बघूनच घ्या. आणखी एक, मासे तिथेच साफ करून घरी आणणार असाल तर प्रत्येक तुकड्यावर खवल्यांसकट एक इंचाचा चामडीचा तुकडा ठेवावा लागतो, म्हणजे वाटेत कोणी तपासलं तर कुठला मासा आहे ते कळतं. साफ करून देणाऱ्याला हे माहीत असतं, पण आपल्याकडे 'सगळी साल काढून द्या हो' म्हणणारे असतात, त्यांनी लक्षात ठेवा.

तोटा काय? लांब आहे. आणि थंडी. शून्याखाली वीस फॅरनहाइट म्हणजे तिथे काही बातमी नाही, त्यात वारा. रिसॉर्टच्या घरात बसलात तर ठीक, पण उघड्यावर भोक पाडून बसायचा विचार असेल तर आधी दुसरीकडे सवय करून मग इकडे या. उत्तरेकडचा नॉर्थवेस्ट अँगल मात्र वेगळंच प्रकरण आहे. अमेरिकेचाच तुकडा, पण रस्त्याने जायचं तर कॅनडातून जावं लागतं, म्हणजे व्हिसावाल्या मंडळींना डोक्याला ताप. कोविडमध्ये बॉर्डर बंद होती तेव्हा, 2021 च्या हिवाळ्यात, तिथल्या लोकांनी लेकवरूनच, अमेरिकेच्या बाजूने, तीसेक मैलांचा बर्फाचा रस्ता काढला होता. या लोकांचं बर्फाबद्दलचं कसब कुठल्या लेव्हलचं आहे ते यावरून कळतं. तरी पहिल्या ट्रिपला अँगल नको, बॉडेट किंवा वॉररोडची बाजूच बरी.

मिल लॅक्स. शहरापासून शंभरेक मैल, दोन तासांच्या आत-बाहेर, म्हणजे पहाटे निघून रात्री घरी. प्रचंड मोठं, 1,32,000 एकर, पण सगळ्यात खोल जागाही 42 फूटच. हिवाळ्यात इथे बर्फावर अख्खं गाव वसतं, घरं, रस्ते, पाट्या, सगळं. मला स्वतःला हे लेक तिघांत सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं कारण तळ एकसारखा नाही, उत्तरेकडे खोल पाण्यात चिखलाचे उंचवटे आहेत, दुसरीकडे खडकाळ रीफ, खडीचे बार, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा मासा वेगळ्या वेळी चालतो. दिवसा चिखलाच्या कडेला जंबो पर्च, संध्याकाळी रीफच्या उतारावर वॉलाय, आणि फेब्रुवारीत रात्री खडकावर बरबॉट, ज्याला सगळे ईलपाउट म्हणतात, दिसायला भयंकर, हाताला शेपटीचा वेटोळा घालतो, पण ज्यांना खायला मिळालाय ते दुसरं काही मागत नाहीत.

इथला वाद मात्र सगळ्यांना माहीतच आहे. 1837 च्या तहात इथल्या मूळच्या ओजिब्वे जमातींनी ही जमीन दिली पण शिकार-मासेमारीचा हक्क राखून ठेवला, आणि तो हक्क अजून शाबूत आहे असं सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं. तेव्हापासून वॉलायचा वाटा राज्य आणि ट्राइब्स यांच्यात ठरवून होतो, आणि मधली बरीच वर्षं वॉलायची संख्या घटल्यामुळे साध्या माणसाला वॉलाय नेण्याचे नियम एकदम कडक होते, कधी एकच मासा, तोही ठरावीक इंचातलाच. त्यावरून 'मिल लॅक्स संपलं' असं बोलणारे पुष्कळ भेटतील. मला नाही पटत. नेण्याचं लिमिट कमी म्हणजे लेकमध्ये मासा कमी असं नसतं. डबा भरून न्यायचाय तर हे लेक तुमचं नाही, मासा लागल्याची मजा हवीये तर नक्की आहे. नियम जवळजवळ दरवर्षी बदलतात, त्यामुळे मित्राने मागच्या वर्षी सांगितलेलं धरून बसू नका.

एक टायमिंगचं सांगतो, सगळ्याच लेक्सना लागू आहे पण मिल लॅक्सला एका दिवसात जाऊन येणारे इथेच फसतात. वॉलायच्या डोळ्याच्या मागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा जास्त दिसतं, आणि म्हणून तो उजाडताना आणि मावळतानाच खायला निघतो. जानेवारीत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. आणि आपली मंडळी काय करतात, दहाला पोचतात, दिवसभर बसतात, चारला "काही नाही इथे, चला ट्रॅफिकच्या आधी निघू" म्हणून उठतात. बरोबर त्याच वेळी खाली जेवणाची वेळ होत असते. दुपारी बाराला गेलात तरी चालेल पण अंधार पडून तासभर होईपर्यंत उठू नका.

अप्पर रेडबद्दल लिहिताना माझे दोन्ही हात वेगवेगळं लिहितात. लेक उथळ आहे, बहुतेक फिशिंग दहा-बारा फूट पाण्यात, आणि वॉलाय भरपूर. उथळ असल्यामुळेच मोठ्या लेक्समध्ये ते सगळ्यात आधी गोठतं. कारण सोपं आहे, पाणी चार डिग्री सेल्सियसला सगळ्यात जड असतं, त्यामुळे वरचं पाणी गार झालं की खाली बसतं, आणि तळापर्यंत सगळं पाणी चार डिग्रीला आल्याशिवाय वर बर्फ धरायला सुरुवातच होत नाही. खोल लेकला त्याला आठवडे लागतात, उथळ लेकला थोडक्यात जमतं. म्हणून थँक्सगिव्हिंगनंतर सगळी जनता तिकडे धावते, आणि तिथेच घोटाळा होतो. पातळ नवा बर्फ, प्रचंड उघडं लेक, वारा सुटला की बर्फाचा आख्खा तुकडा किनाऱ्यापासून सुटतो आणि लोक त्याच्यावर. नोव्हेंबर 2022 मध्ये झालं, डिसेंबर 2023 मध्ये परत झालं, दोन्ही वेळा शंभराहून जास्त माणसांना सोडवून आणावं लागलं. सगळे वाचले, पण घरच्यांचा जीव किती टांगणीला लागला असेल विचार करा. 2023-24 चा तो हिवाळा मिनेसोटातला आजवरचा सगळ्यात उबदार हिवाळा होता, आणि तरीही लोक कॅलेंडर बघून निघाले होते.

आणखी एक गोष्ट, अप्पर रेडचा फक्त पूर्वेकडचा भाग सगळ्यांसाठी खुला आहे. बाकीचा रेड लेक नेशन या ओजिब्वे जमातीचा आहे, तिथे बाहेरच्यांनी फिशिंग करायचं नाही, आणि 'बर्फावर रेषा कुठे दिसत होती' हे कारण चालत नाही, जीपीएसवर हद्द टाकून ठेवा. याच लेकमध्ये नव्वदच्या दशकात वॉलाय इतका संपला होता की 1999 पासून तो पकडायला पूर्ण बंदी घातली, राज्य आणि नेशनने मिळून पिल्लं सोडली, आणि 2006 मध्ये फिशिंग परत सुरू झालं. आज तिथे जे काही लागतं ते त्या सात वर्षांमुळे. म्हणून मला तिथे लिमिट मोडणाऱ्यांचा जरा जास्तच राग येतो. उथळ पाण्यात आवाजही फार जातो बरं का, डोक्यावरून पिकअप गेली की मासे पांगतात, त्यामुळे घरांच्या गर्दीपासून थोडं बाजूला बसा आणि भोकं सगळी सुरुवातीलाच पाडून घ्या, मग पाऊण तास शांत. जानेवारीच्या मध्यानंतर, रिसॉर्टने रस्ता उघडल्यावर, अप्पर रेड एकदम झकास. डिसेंबरमध्ये फॅमिली घेऊन? माझ्याकडून नाही.

किती बर्फ लागतो ते आता लिहूनच टाकतो कारण प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच. डीएनआरचे आकडे असे की चालत जायला चार इंच, स्नोमोबाईलला पाच ते सात, छोट्या कारला नऊ-दहा, मध्यम पिकअपला तेरा. पण हे नव्या, स्वच्छ, काळसर-निळ्या बर्फाचे आकडे आहेत. पांढरा बर्फ, म्हणजे ज्याच्यात स्नो मिसळून गोठलाय, त्याची ताकद अर्धीच धरायची, म्हणजे आकडा दुप्पट. आणि एकाच लेकवर सगळीकडे सारखी जाडी कधीच नसते. नदी-नाला मिळतो तिथे, पुलाखाली, अरुंद चॅनेलमध्ये, झऱ्यावर, प्रेशर रिजपाशी (बर्फ एकमेकांवर दाबून वर आलेली कड) पातळच असणार. वर जाड स्नो असेल तर तो रजईचं काम करतो आणि खाली बर्फ वाढतच नाही, शिवाय त्याच्या वजनाने बर्फ दबून भेगांतून पाणी वर येतं, त्याचा चिखल (म्हणजेच स्लश) होतो, गाडी रुतली की नाकी नऊ येतात. त्यामुळे रिसॉर्टला फोन केलात तर 'किती इंच' एवढंच विचारू नका, 'स्लश आहे का' हेही विचारा. जो माणूस या प्रश्नाला नीट लांबलचक उत्तर देतो त्याच्याकडे बुकिंग करा. जो "येस येस, लॉट्स ऑफ आईस" म्हणतो त्याला सोडा.

सर्व्हिसबद्दल पण बोलतो, कारण सगळीकडे गुलाबी चित्र नाही. एका ठिकाणी (नाव नाही घेत) आम्ही रात्री राहायचं घर घेतलं होतं, फोटोत बंक बेड, स्टोव्ह, हीटर, सगळं एकदम चकाचक. मध्यरात्रीनंतर गॅस संपला. दुसरा सिलिंडर घरात नाही, दिलेल्या नंबरवर रेकॉर्ड केलेला आवाज, लेकवर नेटवर्क येऊन-जाऊन. शेवटी सगळे गाडीत इंजिन चालू ठेवून बसलो, सकाळी सात वाजता एक पोरगा आला, त्याने अगदी निर्विकार चेहऱ्याने सिलिंडर बदलला आणि विचारलं, मासे कसे लागतायत? भाडं काही कमी झालं नाही. तेव्हा रात्री राहणार असाल तर विचारून घ्या, रात्री फोन उचलतं कोण, स्पेअर सिलिंडर आत असतो का, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का (घरात गॅस हीटर आहे, हे गमतीत घेऊ नका, आपला एक अलार्म बॅगेत टाकाच), मासे लागले नाहीत तर घर हलवून देतात का, गळाला लावायचं आमिष भाड्यात आहे का वेगळं. आणि टॉयलेट. आई-बाबा बरोबर असतील तर हा पहिला प्रश्न, कारण बऱ्याच घरांत बादली आणि पडदा एवढंच असतं, आणि ते तिथे पोचल्यावर कळलं की पुढचा दिवस कसा जातो ते मी सांगायला नको. ज्येष्ठ मंडळींसाठी दिवसाचं घर आणि रात्री किनाऱ्यावरची केबिन, हेच बेस्ट.

लायसन्सचं सोपं आहे. सोळाच्या आतल्या इथल्या मुलांना लागत नाही, पाहुण्या आई-बाबांना लागतं, पण एक दिवसाचं किंवा तीन दिवसांचं मिळतं, फोनवरून पाच मिनिटांत होतं. जानेवारीच्या मधल्या एका वीकेंडला मुलांना घेऊन जाणाऱ्या इथल्या मोठ्यांनाही लायसन्स लागत नाही, तो वीकेंड पकडा.

छोटी लेक्स. मिनेसोटात दहा एकरांच्या वरची 11,842 लेक्स आहेत त्यामुळे घराजवळ एक असणारच. डीएनआरच्या लेकफाइंडरवर नाव टाका, खोलीचा नकाशा येतो, कुठल्या वर्षी जाळ्यात कुठले मासे किती आले ते येतं, पिल्लं कधी सोडली ते येतं, सगळं फुकट. फार उथळ लेक टाळा, जाड स्नो पडला की उजेड आत जात नाही, पाण्यातली झाडं मरतात, ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरून मरतात. काही ठिकाणी त्यासाठी पाण्यात हवा सोडतात, तिथे बर्फ पातळ आणि मधे उघडं पाणी असतं, पाट्या लावलेल्या असतात, त्या वाचा. मुलांसाठी ब्लूगिल आणि क्रॅपी हे छोटे मासे उत्तम, छोटासा टंगस्टन जिग, त्याला वॅक्सवर्म (एक छोटी अळी), दिवसभर काही ना काही लागत राहतं आणि पोरं कंटाळत नाहीत. फक्त तीस फुटांपेक्षा खोल पाण्यातून क्रॅपी वर ओढली तर प्रेशर बदलून तिचा हवेचा फुगा फुगतो, परत सोडली तरी बऱ्याचदा जगत नाही, त्यामुळे तिथे 'पकडा आणि सोडा' खेळायचं नाही, लागेल तेवढी घ्या आणि थांबा. मिनेटोंका लेकवर गेलात तर बे ते बे जाणाऱ्या चॅनेलवरून चालू नका, तिथे पाणी वाहतं असतं.

ब्रेनर्डजवळ गल लेकवर जानेवारीच्या शेवटी मोठी स्पर्धा असते, एकाच खाडीत हजारो माणसं, हजारो भोकं, नुसती जत्रा. मासा लागणं नशिबाचा भाग, पण एकदा बघायला जा. नॉर्थ डकोटातलं डेव्हिल्स लेक पर्चसाठी भारी आहे, नव्वदच्या दशकापासून पाणी चढत जाऊन रस्ते आणि झाडं बुडालेली आहेत, त्या बुडालेल्या झाडांतच मासे. पण मला विचाराल तर ते ज्यांच्याकडे स्वतःची गाडी, स्वतःचा ऑगर आणि थोडा अनुभव आहे त्यांच्यासाठी.

स्टारच द्यायचे तर लेक ऑफ द वूड्स पाचपैकी साडेचार (अर्धा गेला ड्रायव्हिंगमुळे), मिल लॅक्स चार, अप्पर रेड जानेवारी-फेब्रुवारीत चार आणि डिसेंबरमध्ये दोन. यंदा बुकिंग हुकलं असेल तरी वाईट वाटून घेऊ नका, बाकीच्या दोन लेक्सवर वॉलायचा सीझन फेब्रुवारीच्या शेवटी बंद होतो पण लेक ऑफ द वूड्सवर तो 14 एप्रिलपर्यंत चालतो, मार्चमध्ये दिवस मोठा, थंडी कमी, गर्दीही ओसरलेली. फक्त 1 मार्चपासून नवीन वर्षाचं लायसन्स लागतं, आणि निघायच्या आदल्या रात्री रिसॉर्टला फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारा, कारण मार्चमध्ये उन्हाने किनाऱ्याजवळचा बर्फ आधी जातो, आत दोन फूट असला तरी.